काबरीनं हुंगलं

काबरी बकरीनं चौथ्यांदा धडक दिली आणि पिल्लू गवताच्या पेंढीवर जाऊन आदळलं. चार दिवसांचं पिल्लू ते. पडलं की उठायचं आणि लटपटत पुन्हा तिच्याच पोटाखाली शिरायचं.

इंद्रभाननं पुढं होऊन काबरीची शिंगं धरली, तशा काबरीच्या मालकीण गोजरबाई खेकसल्या, "तू सर बाजूले. पोरींले धरू दे."

"लहान हायत त्या, काकू."

"बकरी बांधाले मोठ्या होत्या ना?"

इंद्रभान बाजूला झाला.

सकाळी तो आणि बायको नांदुऱ्याला लग्नाला गेले, ते घरची सोनी बकरी दोन्ही पोरींवर सोपवून. पोरींनीच मांडीवर वाढवलेली सोनी. शाळेतून आल्या की आईच्या आधी तिला हाक मारायच्या. बारा वर्षांच्या मनालीनं तिला आठ वाजता निंबाच्या सावलीत बांधलं, पुढ्यात पाण्याचं घमेलं ठेवलं आणि आत जाऊन मोबाइल उघडला. सावली काही खुंट्याला बांधलेली नव्हती. दहापर्यंत ती सरकून गेली. घमेलं कधी उलटलं कोणालाच कळलं नाही. बाहेर मे महिन्यातलं वडनेरचं ऊन. मनालीला वाटलं, अर्पितानं सोनीला आत घेतलं असेल. आठ वर्षांच्या अर्पिताला वाटलं, ताईनं घेतलं असेल. घरात टोपल्याखाली ठेवलेलं सोनीचं पिल्लू ओरडायला लागलं, तर दोघींनी मोबाइलचा आवाज वाढवला.

चार वाजता आईबाप परतले तेव्हा सोनी मेलेली होती. दोरी जिथपर्यंत पुरत होती तिथपर्यंत तिची मान ताणलेली होती, सावलीकडं.

पिल्लू वाचलं, पण बाटली तोंडात धरेना. आज रात्री पोटात दूध गेलं नाही तर सकाळ बघणार नाही, हे इंद्रभानला दिसत होतं. गोजरबाईंच्या काबरीला परवाच मेलेलं पिल्लू झालेलं, तिची कास भरलेली. म्हणून दिवस मावळायला तो पोरींना आणि पिल्लाला घेऊन त्यांच्या गोठ्यात आला होता.

गोजरबाईंनी काबरीचं थोडं दूध ओंजळीत काढलं आणि पिल्लाच्या पाठीला, शेपटीखाली चोळलं. "बकरी पोर वासानं ओळखते," त्या म्हणाल्या. "तू शिंगं धर, मनाली. अन् तू याचं तोंड कासेले लाव. लाथ बसली तरी सोडजो नोको."

लाथ बसलीच. अर्पिताच्या मनगटावर. ती कळवळली, डोळे भरले, पण पिल्लू सोडलं नाही. पाचव्या खेपेला पिल्लाला सड सापडला. आधी चुळबुळ, मग चुटूचुटू आवाज. त्याची शेपटी अशी काही हलायला लागली की अर्पिता रडता रडता हसली.

"आता रोज चार खेपा यावं लागन," गोजरबाई म्हणाल्या. "पहाटेची बी. पंधरा दिवस. मी याले हात लावणार नाही, पाह्यून घ्या."

दोघींनी माना हलवल्या.

"आता शिंगं सोड."

मनालीनं मूठ उलट आणखी आवळली. "मारन ना काबरी त्याले, आजी! मरून जाईन ते!"

"जल्मभर धरून उभी राह्यशीन का? तिनं घेतलं तं घेतलं. सोड."

मनालीनं बापाकडं पाहिलं. बाप काबरीकडं पाहत होता. मग तिनं डोळे मिटले आणि हात सोडले.

काबरी हलली नाही. तिनं मान वळवली आणि पिल्लाच्या शेपटीखाली नाक नेलं. हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं, पाठीवरून कानापर्यंत. अर्पितानं पिल्लावरचा हात काढला नाही. इंद्रभाननं आजवर कितीतरी बकऱ्या पाळल्या, विकल्या, पण तोही पुढं वाकून पाहत होता. पिल्लू मात्र कशाचीच फिकीर न करता पीत होतं.

मग काबरीच्या घशातून एक आवाज आला. तोंड बंद ठेवून, आतल्या आत काढलेला, अगदी बारीक. बकरी हा आवाज फक्त आपल्या नव्या पोरासाठी काढते. आवाज काढून तिनं पिल्लाची पाठ चाटायला सुरुवात केली. सावकाश, शेपटीपासून मानेपर्यंत. मग अर्पिताचा हात मध्ये आला, तर तोही चाटला. त्याच मनगटावर, जिथं लाथ बसली होती.

मनाली पिल्लाशेजारी खाली बसली.

अर्पितानं हळूच विचारलं, "फसली ना काबरी, आजी? तिले वाटलं, तिचंच हाय."

"कायची फसते, माय." गोजरबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "परवा तिनं आपलं मेलेलं दिवसभर चाटलं. नाकानं ढकलू ढकलू उठवून पाह्यलं. मी पुराले नेलं तं माह्या मागं मागं आली, गड्डा बुजवला तोवर उभी होती. तिले सारं मालूम हाय."

"मंग याले काऊन घेतलं?"

गोजरबाई काबरीकडं पाहत राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी बकऱ्या राखल्या होत्या.

"मले नाही मालूम, पोरी," त्या म्हणाल्या, आणि देवापुढं घेतात तसा त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.