दोऱ्याच्या सँडल

हर्षलाने क्रोशाची सुई बाजूला ठेवली आणि विणलेलं पांढरं फूल उजव्या पावलावर ठेवून पाहिलं. तिसरीत असताना गरम तेलाने भाजल्याचा व्रण त्याखाली पुरता झाकला गेला.

"आई, झालं! आता सहलीला मोजे नकोत!" ती ओरडलीच.

तळ नसलेल्या, नुसत्या दोऱ्याच्या सँडल होत्या त्या. बोटात अडकवायला कडी, पावलावर फूल आणि घोट्याभोवती बांधायला लांब साखळी.

गुहागरच्या वाळूत तिने पाऊल टाकलं मात्र, कॉलेजच्या मैत्रिणींनी तिला गराडा घातला.

"कुठून घेतल्यास गं?"

"मी विणल्यात!"

"काहीतरीच! मला शिकव," समिधा म्हणाली. "सुरुवात कुठून केलीस?"

"अगं, सोप्पंय!" हर्षला वाळूतच फतकल मारून बसली. उजव्या पायातली सँडल सोडून तिने समिधाच्या हातात दिली. "आधी सहा टाक्यांची गोल कडी, मग पाकळ्या..." एकीने मापासाठी पाय पुढे केला, दुसरीने निळा दोरा मागितला. हर्षलाचं बोलणं थांबेना.

"हे भाजलं होतं का?" समिधाने तिच्या पावलाकडे बघत विचारलं.

पाय उघडा पडल्याचं हर्षलाच्या आत्ता लक्षात आलं. तिने हात व्रणाकडे नेला आणि मागे घेतला.

"हो. लहानपणी."

"खाऱ्या पाण्याने झोंबेल?"

"छे! बरं होऊन दहा वर्षं झाली," हर्षला हसून म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी लाटांकडे धावत सुटली.