माळकरी आचारी

उखर्डूनं बोकडाची अख्खी मांडी पाटावर घेतली आणि सुरीनं हाडापर्यंत चिरा दिल्या. दही, कच्च्या पपईचा गर, लसूण आणि काळा मसाला एकेका चिरेत बोटानं दाबून भरला. मीठ टाकलं अंदाजानं. चाखायची सोय नव्हती, गळ्यात तुळशीची माळ होती.

दोंडाईच्याच्या आसपास मांडी भाजावी तर उखर्डूनंच, असं लोक म्हणत. तो माळकरी झाल्यावर हसूही लागले. पण घोड्यानं गवताशी दोस्ती केली तर खायचं काय? हात पोटासाठी आणि जीभ देवासाठी, अशी वाटणी त्यानं करून टाकली.

माळ त्यानं स्वतःसाठी घातलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जिवलग मित्राची, निंबाची बायको इंदिराबाई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा निंबा रडत त्याच्याकडे आला होता.

“मना संगे तूबी माळ घाल, भाऊ. दोन जीवनी पुण्याई लागी, त इंदिरा उठी बसी.”

दोघांनी एकाच दिवशी माळ घातली. इंदिराबाई खरंच उठून बसली, हळूहळू चालूही लागली. मटणाशिवाय ज्याचा रविवार सरत नसे त्या उखर्डूनं तेव्हापासून साधी नळी चोखली नाही. जीव तळमळायचा, पण वहिनी ओट्यावर बसलेली दिसली की सगळं भरून पावल्यासारखं वाटायचं.

चार तास मुरलेली मांडी त्यानं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यावर चढवली. त्याला नेहमी स्वयंपाकाला बोलावणाऱ्या हितेंद्रच्या केळीच्या बागेत आज पाहुणे होते. चरबी थेंब थेंब विस्तवात पडू लागली. उखर्डू उरलेला मसाला वरून चोपडत होता. बोटाला लागलेला, चरबीनं माखलेला मसाला त्यानं चाटला, मीठ कमी वाटलं म्हणून चिमूटभर भुरभुरलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

जित्याची खोड! त्यानं खळखळून चुळा भरल्या, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. पण चव जाईना.

मांडी उतरली. हितेंद्र नेहमीप्रमाणे पहिला वाटा केळीच्या पानात बांधून मोटारसायकलवरून गावात कुणाला तरी देऊन आला. उखर्डूचं तिकडे लक्ष नव्हतं. आपण मित्राचा केसानं गळा कापला, एवढंच त्याच्या डोक्यात घणघणत होतं. वहिनीला काही झालं तर?

पाहुण्यांची पानं वाढायच्या आधीच तो निघाला. निंबाच्या पायावर डोकं ठेवायचं, खरं काय ते सांगायचं, असं ठरवून भर उन्हात जवळजवळ पळतच गावात आला.

निंबाचा ओटा रिकामा होता. या वेळी वहिनी तिथं नाही, असं कधी होत नसे. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं ते हळूच ढकललं.

इंदिराबाई चुलीपाशी कांदा चिरत होती, चांगली ठणठणीत. निंबाची माळ खुंटीवर होती. दाराकडे पाठ करून तो जेवायला बसला होता आणि पुढ्यात केळीचं पान उघडं होतं.

पावलं ऐकून निंबानं नळी तोंडातून काढली. मागे न बघताच तो म्हणाला,

“ये हितेंद्र. दोन वरीसमा आज पहिल्यांदा मीठ बराबर पडनं. त्या माळकरीनी चाखेल दिसस.”