कार्डावरचा शेवटचा फोटो

"माझं थोबाड आधी पुसून टाक," ताउनो म्हणाला आणि खुर्चीत बसून धापा टाकू लागला.

लायलाने बापाच्या हातातून जंगलातल्या कॅमेऱ्याचं कार्ड घेतलं आणि लॅपटॉपमध्ये सरकवलं. दुपारचा एक वाजला होता. वेलदोड्याचा पाव नुकताच भट्टीतून निघाला होता, पण ताउनोने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परवा शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. त्याच्या फुप्फुसांचे फोटो बघून डॉक्टरने पुढच्या हंगामाचा विषयच टाळला होता. पाद्री अजून आहे की गेला, एवढं एक कळलं की ताउनोला बाकी काही नको होतं.

पाद्री म्हणजे दहा टोकांच्या शिंगांचा म्हातारा नर. आठवड्यातून एकदाच दर्शन देतो म्हणून ताउनोनेच हे नाव ठेवलेलं. पाच वर्षं तो त्या हरणाच्या मागावर होता. बंदुकीच्या टप्प्यात ते एकदाही आलं नव्हतं.

"आज पुन्हा गेलात," लायला म्हणाली. "पंधरा दिवसांतून एकदा जायचं, तेही पावसात, हे मला कोणी शिकवलं? रबरी बूट, बिनवासाचा साबण, सकाळची कॉफीसुद्धा बंद! आणि स्वतः मात्र बाजाराला निघाल्यासारखे दर तीन दिवसांनी जाता."

"वारा तोंडावरचा होता."

"वाऱ्याचं काय घेऊन बसलात? सगळ्या पायवाटेवर तुमचाच वास. आणि कोरं कार्ड इथे टेबलावरच विसरलात, म्हणजे पुन्हा जाणार! पाद्रीला तुम्हीच पळवलंत, बाबा."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. पण त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे झाडाला कॅमेरा बांधतात तो माणसाने जंगलात जाऊ नये म्हणून. ज्याला धीर धरवत नाही तो उठसूट कार्ड बघायला जातो आणि त्याच्या नशिबी हरणाऐवजी रॅकूनसारखी भुरटी जनावरं येतात. महिन्याभरात, आजची खेप सोडून, ताउनो अकरा वेळा गेला होता. कार्डांवर रॅकून होते, एक साळिंदर होतं, दोन हरिणी होत्या. आणि प्रत्येक कार्डावर शेवटचा फोटो त्याचा स्वतःचा. कार्ड काढायला येणाऱ्याचा फोटो निघतोच, आणि कुठलाही शिकारी तो न बघताच पुसतो.

लायलाने तो फोटो उघडला. नारिंगी टोपी, लालभडक नाक, उघडं पडलेलं तोंड. ती पुढे जाणार होती, पण तिचं बोट जागच्या जागी थांबलं.

"बाबा, चष्मा लावा."

"का? इतका वाईट आलोय?"

"लावा आधी."

त्याच्या डाव्या खांद्यामागे, पायवाटेवरच, पाद्री उभा होता. फार तर बारा पावलांवर. कान पुढे, शेपूट खाली, आणि नाक ताउनोच्या बुटाच्या ठशावर टेकलेलं.

ताउनोने चष्मा लावला. पडद्याजवळ तोंड नेऊन त्याने शिंगांची टोकं मोजली, मग पुन्हा मोजली. दोन्ही वेळा दहा भरली.

"आधीचे पुसले असशील तू," शेवटी तो म्हणाला.

लायलाने मान खाली घातली. मग 'बाबा' नावाचा एक कप्पा उघडला. अकराच्या अकरा फोटो तिथे होते.

"हे थोबाड जपून ठेवलंस?"

"मग काय करू? आई गेल्यापासून फोटो काढायचं म्हटलं की पळता. हेच मिळाले मला." तिने डोळे पुसले. "मी फक्त तुम्हाला बघत होते. मागे बघितलंच नाही."

त्यांनी पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. ऑक्टोबरातल्या फोटोत दूर भूर्जांच्या आड एक तपकिरी ठिपका. चौथ्यात त्याला शिंगं फुटली. सातव्यात तो झुडपांतून बाहेर आला होता. नवव्यात पायवाटेवर. दर खेपेला थोडा जवळ, आणि दर खेपेला ताउनोच्या पाठीमागे.

"वारा तोंडावरचा होता," ताउनो हळूच म्हणाला. "म्हणजे माझा सगळा वास त्याच्याकडेच जात होता. तरी आला."

"पण का?"

ताउनोने आपले गुडघे चोळले. "माणूस जंगलात कसा चालतो? सरळ, न थांबता. मला आता वीस पावलांच्या पुढे जमत नाही. थांबतो, मान खाली घालून श्वास घेतो, पुन्हा चालतो. असं कोण चालतं, सांग."

 असं हरीण चालतं. हे लायलाला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं.

"परवा बंदूक तुम्ही धरणार की मी?" तिने विचारलं.

"परवाचं परवा."

तिने टेबलावरचं कोरं कार्ड उचललं, त्याच्या खिशात टाकलं आणि खिशाची गुंडी लावली. "जा," ती म्हणाली. "सावकाश जा."

ती खिडकीत उभी राहिली. ताउनो लाकडाच्या छपराला वळसा घालून पायवाटेला लागला आणि झाडांत शिरला. वीस पावलांवर तो थांबला. वाकून श्वास घेतला. मागे वळून मात्र पाहिलं नाही. फक्त पायवाटेच्या कडेला जरासा सरकला, मागून येणाऱ्याला आपण वाट देतो तसा.