फाडायचं राहिलेलं पान

कसबा बावड्यातल्या कारखान्यात पुण्याहून तपासणीला आलेले साहेब वही चाळत होते आणि गैबी मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता. लाकूड जंगलतोडीचं नाही, असं प्रमाणपत्र मिळालं तरच त्यांच्या खुर्च्या परदेशात जाणार होत्या. कुठला ओंडका कुणाच्या शेतातनं आला, त्याची कुठली खुर्ची झाली, हे सगळं त्यांची दहावीतली मदिहा रोज शाळा सुटल्यावर त्या वहीत लिहायची.

"ते पान फाड म्हटलं तर ऐकली न्हाईस," मिस्त्री शेजारी उभ्या लेकीकडे बघून पुटपुटले.

"का फाडू? घडलं ते लिवलंय की!"

साहेबांचं बोट नेमकं त्याच पानावर थांबलं. 'दोन खुर्च्यांना नोंद नसलेलं भलतंच लाकूड लागलं. त्या बाजूला काढल्या.'

"चूक कुणाची?"

"अब्बांची," मदिहा ठसक्यात म्हणाली. "पकडली मी!"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले आणि मंजुरीची सही करत म्हणाले, "मिस्त्री, बिनचूक वह्या मी ढिगानं बघतो. त्या सगळ्या आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी बसून लिहिलेल्या असतात."