प्रवासातली माणसं

कुंडलिक साळवेचं नाव आज वहीतून खोडायचंच, असं घोकत सुबोध उपासनेच्या अर्धा तास आधी चर्चमध्ये शिरला. बोरीवलीतल्या दोन टॉवरांच्या मधे अंग चोरून बसलेलं बैठं चर्च. बाकं ऐंशी माणसांची, मंडळी मोजून तेरा. त्यातही प्रत्येकजण शेजारची एक जागा मोकळी सोडून बसणार. पाळक दर रविवारी सांगून थकले, "पुढे या, जवळ जवळ बसा." ऐकतंय कोण! सुबोधही भिंतीकडची जागा सोडूनच बसायचा. ती त्याच्या बायकोची, रेवतीची. वर्षापूर्वी दोघं मुलुंडहून इथे राहायला आले, आणि पाच महिन्यांत ती गेली.

माणूस घरात बसून कुजायला नको, म्हणून पाळकांनी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेची वही त्याच्या गळ्यात मारली. वहीत तीन भाग: आजारी असलेले, नोकरीच्या शोधात असलेले, प्रवासात असलेले. प्रवासातलं एकेक नाव वाचलं की मंडळी म्हणायची, "प्रभू, सुखरूप पोहोचव." तेही धड एका सुरात नाही. आधी कुणीतरी एकटंच सुरू करायचं, मग बाकीचे. आणि तेरा माणसांच्या मंडळीत प्रवासात नऊ जण! असतील बापडे, कुणी दुबईला, कुणी बोटीवर. सुबोधने कधी विचारलं नाही.

पण काल शनिवारी तो रेवतीच्या कबरेवरचं गवत काढायला गेला. पाणी आणायला नळाकडे निघाला, तर वाटेत एका दगडावर नाव दिसलं. कुंडलिक साळवे, ख्रिस्तात निजला. तारीख सहा वर्षांपूर्वीची. दगडावर ताजी शेवंती. गेल्याच रविवारी त्याने वेदीसमोर उभं राहून हे नाव खणखणीत आवाजात वाचलं होतं. पहिलं उत्तर आलं होतं कमलमावशींचं. कुंडलिक त्यांचा मुलगा. "बाहेर असतो," एवढंच त्या सांगायच्या.

आज तो आत आला तेव्हा मावशी वेदीवर पांढरं कापड अंथरत होत्या.

"सलाम, मावशी."

"सलाम. आज इतक्या लवकर? चहा तरी घेतलास का रे?"

"मावशी, काल मी कबरस्थानात गेलो होतो. कुंडलिकचा दगड बघितला."

मावशींचा हात कापडावरून फिरतच राहिला. "नळाजवळच आहे. पाण्याला बरं पडतं."

"अहो, पण तो प्रवासात आहे ना! वहीत! देवासमोर उभं राहून मी खोटं कसं वाचू?"

"हळू बोल. देव काही बहिरा नाही." त्यांनी कापडाची चुणी काढली. "आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात का?"

"नाही."

"का नाही?"

"त्यांचं काय ते देव बघतो. आपलं काम संपलं." लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत पाठ केलेलं उत्तर त्याने देऊन टाकलं.

"तुझं संपलं?"

सुबोधची नजर भिंतीकडच्या जागेवर गेली.

"माझं नाही संपलं बाबा. जन्मल्यापासून त्याच्यासाठी गुडघे टेकत आले. ताप आला, टेकले. दहावीला बसला, टेकले. आणि मूठभर माती टाकली की उठायचं, हात झटकायचे? मला नाही जमलं. तुझ्या आधी वही वाचायचे ना भाऊराव, त्यांनी त्याला प्रवासात घातलं. त्यांची बायको आधीच होती तिथे."

सुबोधने वही उघडली. नऊ नावं. आजवर बिनघोर वाचलेली. "म्हणजे हे सगळे?"

"आठ. खंडू भालेराव खरंच मस्कतला आहे."

"आणि पाळकांना माहीत आहे?"

"ते तेव्हा डोळे मिटून असतात." मावशींनी पर्समधलं पेन काढून वहीवर ठेवलं. "घे. खोडायचं असेल तर खोड. मी काही बोलणार नाही."

एवढ्यात घंटा झाली. एकेक जण आत आला आणि शेजारी जागा सोडून बसला. वही वाचायची वेळ आली तेव्हा पेनचं टोपण लागलेलंच होतं.

"कुंडलिक," सुबोधने वाचलं.

"प्रभू, सुखरूप पोहोचव." आधी मावशी, मग सगळे. दरवेळी आधी एकच आवाज का येतो, ते त्याला आज कळलं. त्याने वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना. प्रत्येक नावाला तो पहिला आवाज शोधत होता, आणि आवाज सापडला की शेजारची मोकळी जागा दिसत होती. जागा मोकळी आहे, हे डोळ्यांना पटेनासं झालं. त्याला भीती वाटली.

"स्वरदा."

पहिला आवाज बाकांवरून आला नाही. तो मागून आला, वेदीजवळून. पाळकांचा. त्यांचे डोळे मिटलेले होते.

नऊ नावं संपली. आता वही मिटायची आणि जागेवर जाऊन बसायचं. सुबोधने वही मिटली.

"रेवती," तो म्हणाला.

उत्तर आलं नाही. वर पंखे फिरत होते. झालं, चुकलंच आपलं, असं वाटून त्याने मान वर केली. सगळी मंडळी त्याच्याकडेच बघत होती. मावशींनी हलकेच मान हलवली, चल म्हण, अशी.

पहिला आवाज त्याचाच हवा होता. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

कुणी घाई केली नाही.