तहानलेली गाडी

"मोठेच बसव," दादा म्हणाला.

धाकटीने हातातले दोन्ही इंजेक्टर परत कापडावर ठेवले. गॅरेज तिचं होतं. टर्बोच्या गाड्या तयार करण्यात तिचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. समोर स्टुलावर बसलेला तिचा थोरला भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा, तरी हुकूम तोच सोडत होता.

"दादा, नीट ऐक. इंजेक्टरचं काम एवढंच, इंजिनात इंधनाची पिचकारी मारायची. साध्या पेट्रोलवर तुझ्या गाडीला हे मधले पुरतात. मोठे लागतात ते इथेनॉलवाल्या इंधनाला. ते जास्त प्रमाणात जाळावं लागतं. टाकी भराभर रिकामी होते."

"किती भराभर?"

"पेट्रोल दहा दिवस जात असेल, तर हे आठवडाभर."

"आठवडा," दादा पुटपुटला आणि विचारात पडला. मास्तरांनी धसका घेतला, असं धाकटीला वाटलं. तिने तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यायचं ठरवलं.

"आणि मिळतं कुठे ते? गावाबाहेरच्या त्या एकाच पंपावर. एवढ्या लांब दर आठवड्याला कोण तडफडणार?"

"मी जाईन की. शनिवारी मला सुट्टीच असते."

ही गाडी त्याने गेल्याच महिन्यात घेतली होती. धाकटीच्याच एका गिऱ्हाइकाने विकायला काढलेली, दिसायला साधी, पण बॉनेटखाली शर्यतीच्या गाडीची ताकद. जन्मभर स्कूटर चालवलेल्या, तीही रस्त्याच्या कडेकडेने चालवलेल्या माणसाने ती घेतली तेव्हा धाकटीने पोट धरून हसून घेतलं. मग तिची झोप उडाली. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली होती. दुःख विसरायला वेगाच्या नादी लागलेला एक माणूस तिने पाहिला होता. त्याची गाडी तिच्याच गॅरेजमध्ये ओढून आणली होती, तो मात्र परत आला नव्हता. दादाचं तसं होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. तिचा त्याच्यावर फार जीव होता. आई गेल्यावर शाळेत जाताना तिची वेणी त्यानेच घातली होती, वाकडी का होईना.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," ती म्हणाली. "इथेनॉलवर टर्बोला जास्त हवा रेटता येते, गाडी अजून सुसाट सुटते. तुला ती पळवायचीय. सरळ सांग."

"पळवायची नाहीये गं, ठमे."

"मग?"

"इंधन चांगलं आहे ते. थंड जळतं. फक्त गारठ्यात सकाळी लवकर पेट घेत नाही. म्हणून हिवाळ्यात त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढवतात."

धाकटी बघतच राहिली. "हे तू कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. येतं कानावर."

मग तिने तोडगा काढला. "असं करू, एक सेन्सर बसवते. टाकीत काय आहे ते तो ओळखतो. तुला हवं ते इंधन घाल."

"म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या पंपावरचंही चालेल?"

"पळेल!"

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "मग नको."

"अरे, डोकं फिरलंय का तुझं? बरं, पिंप भरून घरी आणून देते. मग तर झालं?"

"साठवू नये ते. ओलावा धरतं," दादा घाईघाईने म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बॉनेट उघडल्यावर कळेल ना पण, ही इथेनॉलची गाडी आहे म्हणून?"

"कुणाला कळायला हवंय?"

"जाणकारांना."

या वयात जाणकारांपुढे मिरवायची हौस! नाकापेक्षा मोती जड, असं म्हणत धाकटीने हात टेकले. शनिवारपर्यंत गाडी हवी, असा त्याचा धोशाच होता. तिने मोठे इंजेक्टर बसवले, नळ्या बदलल्या, सगळं इथेनॉलला जुळवून घेतलं. गाडी फार सुसाट सुटू नये म्हणून टर्बोचा दाब मात्र गुपचूप कमी करून टाकला. भूगोलवाल्याला काय कळणार!

शनिवारी ती त्याच्या शेजारी जाऊन बसलीच. पहिली टाकी भरायला एकटं सोडणार नाही, असं तिने बजावलं होतं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळा रस्ता त्याने गाडी अशी चालवली की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. धाकटीचा जीव भांड्यात पडला, आणि थोड्या वेळाने तिलाच राहवेना.

"अरे, दाब की जरा पाय! एवढी ताकद कशाला घेतलीस?"

"घाई काय आहे?" म्हणत दादाने आरशात बघून केसांवरून हात फिरवला.

पंपाच्या मालकीणबाई स्वतःच बाहेर आल्या. दादाच्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि वाकून एकेक इंजेक्टर नीट पाहिला. आता दादा मिरवणार, म्हणून धाकटी वाट बघत राहिली. दादा शर्टाची कॉलरच सारखी करत राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाई सरळ उभ्या राहिल्या आणि मनापासून हसल्या.

"म्हणजे खरंच आहे की गाडी! वर्षभर स्कूटरवरून डबे भरून नेताय, मला वाटलं होतं, घरी इथेनॉलची गाडी आहे ही नुसती थाप मारताय."