हाकेला ओ

मसाई माराच्या गवतात चित्त्याची मादी पक्ष्यासारखी चिवचिवत पिल्लाला हाका मारत होती. पिल्लू आमच्याच जीपखाली चाकाला चिकटून बसलं होतं.

"गाडी मागे घ्या ना!" माझी बायको कळवळली.

"चाक फिरलं तर चिरडेल, मॅडम," ड्रायव्हर जोसेफ म्हणाला. खाली उतरायला बंदी होती.

चित्ता दिसताच रिवाजाप्रमाणे त्यानेच वायरलेसवर बाकीच्या सफारी गाड्यांना कळवलं होतं. आता आमच्याभोवती गाड्यांची भिंत झाली होती. "इंजिनं बंद करा!" तो ओरडत राहिला. पण प्रत्येकाला फोटोसाठी पुढची जागा हवी होती.

मादी थोडा वेळ घुटमळली, मग हाका मारत दूर जाऊ लागली.

आमच्या पायांखालून पिल्लू तिच्या प्रत्येक हाकेला ओ देत होतं. गाड्यांच्या घरघरीत ते फक्त आम्हालाच ऐकू येत होतं.